गोलरक्षकाचा दुसरा डाव

हॉकीच्या मैदानावर एका बाजूचे अकरा गडी असतात. परंतु पराभवाचा धनी बहुधा एकच ठरतो. फॉरवर्डचा नेम चुकला, तर संधि हुकली असें म्हणतात. हाफबॅक चुकला, तर त्याच्या मागें फुलबॅक असतो. गोलरक्षकाच्या मागें मात्र जाळ्यावांचून कांहींच नसतें. यशांतहि त्याचा वांटा असाच उपेक्षित राहतो. नागपुरास जन्मलेला रिचर्ड ॲलन १९२८ सालच्या ॲम्स्टरडॅम ऑलिंपिकमध्यें एकहि गोल न होऊं देतां परतला; पण त्या विजयाची आठवण निघाली, कीं तोंडीं येतें तें ध्यानचंदांचेंच नांव.

या एकाकी जागेचें मोल मीररंजन नेगी यांना फार कठोरपणें चुकवावें लागलें. मूळचे अलमोड्याचे, पुढें मुंबईच्या कस्टम्स खात्यांत अधिकारी झालेले नेगी १९८२ सालीं भारताचे गोलरक्षक होते. १ डिसेंबर रोजीं दिल्लीस आशियाई स्पर्धेचा अंतिम सामना झाला. समोर पाकिस्तान, भोंवतीं खच्चून भरलेलें प्रेक्षागार, आणि निकाल एकास सात! दुसऱ्या दिवसापासून सारा रोष एका माणसावर कोसळला. त्यानें सामना विकला, असें उघडपणें बोललें गेलें. आरोप सिद्ध झाला नाहीं. पण कलंक मात्र लागला, आणि राष्ट्रीय संघांतील स्थान गेलें.

वस्तुतः सात गोल एकट्या गोलरक्षकामुळें होत नाहींत. पिछाडीवर पडलेला संघ गोल फेडण्याच्या घाईनें सगळाच पुढें धांवला, कीं मागें मोकळें रान पडतें. मग प्रतिपक्षाचा गडी चेंडू घेऊन थेट डींत शिरतो, आणि तेथें त्याच्यासमोर एकच माणूस उरतो. हें जाणकारांस कळतें. संतापलेल्या जनतेला तें पटवून देणें कठीण असतें.

सोळा वर्षांनंतर, १९९८ सालीं, नेगी भारतीय संघांत परतले ते गोलरक्षकांचे प्रशिक्षक म्हणून. हें काम दिसतें त्याहून नाजूक आहे. मुख्य प्रशिक्षकाची नजर अकरांवर असते. यांनीं एकावरच ठेवावयाची. पुढें केव्हां सरसावावें, कोन कसा आंखडून घ्यावा, मारणाऱ्याच्या मनगटावरून चेंडूची दिशा कशी ओळखावी, हें शिकवितां येतें. पण एक गोल झाल्यावर दुसऱ्यासाठीं मन स्थिर कसें ठेवावें, हा धडा ज्यानें सोसलें आहे त्यालाच नीट देतां येतो.

त्या वर्षीं बँकॉकला, खडकीच्या धनराज पिल्ले याच्या नेतृत्वाखालीं, भारत आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यांत दक्षिण कोरियाशीं बरोबरींत राहिला. निर्णय पेनल्टी स्ट्रोकवर गेला. सात यार्डांवरून येणारा तो फटका म्हणजे गोलरक्षकाची अग्निपरीक्षाच. आशिष बल्लाळ तींत उतरला, आणि ३२ वर्षांनंतर या स्पर्धेंतील हॉकीचें सुवर्णपदक भारतास मिळालें. तरीहि नेगींचा करार पुढें वाढविण्यांत आला नाहीं.

मात्र २००२ सालीं मँचेस्टरच्या राष्ट्रकुल स्पर्धेसाठीं स्त्रियांच्या संघाच्या गोलरक्षकांची जबाबदारी त्यांच्याकडे आली.  यजमान इंग्लंडला ३-२ असें हरवून त्या मुलींनीं सुवर्णपदक आणलें. २००४ च्या आशिया चषकांतहि भारतीय स्त्रियांचा विजय झाला. त्या संघाच्या शिक्षणांतहि नेगींचा हात होता.

पुढें २००७ सालीं ‘चक दे! इंडिया’ हा चित्रपट आला. त्याची कल्पना मुळांत मँचेस्टरच्या विजयावरून सुचलेली; त्यांतील नटींना हॉकी शिकविण्याचें काम नेगींनीं केलें. पडद्यावरचा अपमानित प्रशिक्षक लोकांनीं डोक्यावर घेतला, आणि मग कोठें त्यांना १९८२ चा खराखुरा गोलरक्षक आठवला.

त्या दिवसाचा निकाल कागदोपत्रीं अजून एकास सात असाच आहे, व तो तसाच राहणार. झालेला गोल कोणासहि परत काढतां येत नाहीं. पुढचा अडवावयास दुसऱ्यास शिकवितां येतें, एवढेंच. नेगींनीं तें केलें.