एकोणचाळिसावा डाव

बुद्धिबळपटू फिशरच्या ‘माय सिक्स्टी मेमोरेबल गेम्स’ची माझी प्रत रद्दीवाल्याकडची. एकोणचाळिसाव्या डावाची पानं सगळ्यात मळलेली आहेत, आणि तो मळ माझ्याच बोटांचा.

पुस्तक १९६९ साली निघालं. ६० डावांत नऊ बरोबरीचे आणि तीन चक्क हरलेले: ताल, स्पास्की आणि गेलर यांच्याविरुद्धचे. तेराव्या वर्षी डोनाल्ड बर्नविरुद्ध वजिराचा बळी देऊन जिंकलेला जगप्रसिद्ध डाव मात्र त्यानं घेतलाच नाही.

नोंदी जुन्या पद्धतीच्या. ज्याची चाल, त्याच्या बाजूनं घरं मोजायची. पांढऱ्यानं राजापुढचं प्यादं दोन घरं सरकवलं तरी ‘पी-के ४’ आणि काळ्यानं सरकवलं तरी तेच. माझा फार गोंधळ व्हायचा. मग काळ्याची चाल आली की मी उठून पटाच्या पलीकडे जाऊन बसायचो. पोस्टकार्डानं पुढची चाल झाकायची, आपली चाल वहीत लिहायची, मगच कार्ड खाली ओढायचं. टिपांमधल्या चालींसाठी दुसरा पट शेजारी मांडलेला असे.

एकोणचाळिसावा डाव १९६२ च्या वार्ना ऑलिंपियाडचा. समोर जगज्जेता बोत्विनिक, वय ५१. फिशर १९ वर्षांचा. बोत्विनिक या डावाच्या सुरुवातीची स्थिती घरून तयार करून आला होता. सतराव्या चालीला फिशरच्या वजिरानं प्यादं मारलं, आणि नेमकी हीच चाल त्या तयारीत सुटली होती. माझ्या वहीत त्या जागी घोड्याची चाल आहे. वजीर तिथे जाऊ शकतो हे मला दिसलंच नव्हतं.

फिशरचं एक प्यादं वरचढ असताना डाव तहकूब झाला. रात्रभर बोत्विनिकचा सोव्हिएत चमू पटावर बसला, त्यातल्या गेलरनं वाट काढली आणि डाव बरोबरीत सुटला. फिशरनं ते मान्य केलं नाही. टिपांमध्ये बोत्विनिकचं म्हणणं देऊन तो चालीमागून चाल खोडत जातो आणि विजय होता असं ठासून मांडतो. या पानांवर दोघं भांडतात आणि वाचणाऱ्याला पटावर हात घालावाच लागतो. पुढे बोत्विनिकच्याच शाळेत किशोरवयीन कास्पारोवनं फिशरच्या मांडणीला उत्तर शोधलं.

शिकायला येणाऱ्या मुलांना हे उत्तर मी सांगत नाही. फिशरच्या टिपा देतो, हत्ती-प्याद्यांची ती अखेर मांडतो आणि पांढऱ्याच्या, म्हणजे बोत्विनिकच्या, बाजूला बसवतो.