दुर्बिणीभोवती जमलेले पाहुणे

घराच्या गच्चीवर मित्रमंडळींना बोलावून ज्यांनी कधी आकाशदर्शन घडवले आहे, त्यांना पुढचा प्रसंग नवा वाटणार नाही. दुर्बिणीत गुरू धरलेला असतो. पाहुण्यांची रांग लागते. एकेक जण येतो, डोळा लावतो, क्षणभर थांबतो आणि "हो हो, दिसला! वा!" असे म्हणून बाजूला होतो. सात-आठ जण पाहून गेल्यावर यजमान स्वतः डोळा लावतो, तर नळीत नुसता अंधार. पृथ्वी फिरत असल्यामुळे गुरू केव्हाच बाजूला सरकलेला असतो. मग शेवटच्या चार-पाच जणांनी नेमके काय पाहिले? विचारायची सोय नसते. पाहुणे भिडेखातर 'दिसला' म्हणाले आणि यजमान भिडेखातर गप्प बसला, एवढेच खरे.

आमच्या गच्चीवर हे एकदा नव्हे, अनेकदा घडले आहे. त्यामुळे दुर्बिणीच्या इतिहासातल्या अगदी पहिल्या 'पाहण्याच्या बैठकां'विषयी वाचताना आम्हाला फारच आपलेपणा वाटला. सन १६१० आणि १६११ या दोन वर्षांत अशा तीन बैठका झाल्या. त्यांचा विषयही एकच होता: गुरूचे चंद्र.

पाठ्यपुस्तकात ही कथा दोन वाक्यांत संपते. गॅलिलिओने दुर्बिणीतून गुरूचे चंद्र पाहिले. जुन्या मताच्या पंडितांनी दुर्बिणीला डोळा लावण्यासही नकार दिला. डोळा न लावणारे काही पंडित होते, हे खरे. पण बोलोन्यात जे घडले ते याहून अवघड आहे. तिथल्या पंडितांनी डोळा लावला, दोन रात्री लावला, आणि त्यांना चंद्र दिसले नाहीत.

त्याआधीची हकिकत थोडक्यात सांगितली पाहिजे. ७ जानेवारी १६१० रोजी पाडुआ येथे गॅलिलिओला गुरूजवळ तीन ठिपके दिसले. काही दिवसांत त्यांची संख्या चार झाली, आणि ते गुरूभोवती फिरतात हे त्याच्या ध्यानात आले. १३ मार्चला व्हेनिसमध्ये त्याचे 'ताऱ्यांचा संदेश' या अर्थाच्या लॅटिन नावाचे छोटे पुस्तक छापून झाले. पुस्तक टस्कनीचा ग्रँड ड्यूक दुसरा कोझिमो मेदिची याला अर्पण केलेले होते आणि चारही चंद्रांना मेदिची घराण्याचे नाव दिलेले होते. गॅलिलिओला त्या दरबारी नोकरी हवी होती. आता हे चंद्र इतर कोणालाच दिसले नाहीत तर? एका राजघराण्याला आकाशातली चार अस्तित्वात नसलेली गावे इनाम दिल्यासारखे झाले असते.

एप्रिलमध्ये तो ड्यूकला चंद्र दाखवायला टस्कनीत गेला. परतताना २४ व २५ एप्रिलला बोलोन्यात जिओव्हानी अंतोनिओ माजिनीच्या घरी उतरला. माजिनी तिथल्या विद्यापीठात गणिताचा प्राध्यापक होता. १५८८ मध्ये त्याच जागेसाठी गॅलिलिओही उमेदवार होता आणि निवड माजिनीची झाली होती. असे यजमान आणि असे पाहुणे! घरी वीसहून अधिक विद्वान जमले. दुर्बीण लावली गेली. पृथ्वीवरच्या वस्तू तिच्यातून नामी दिसत होत्या. मग ती आकाशाकडे वळवली.

माजिनीने पुढे केपलरला कळवले ते असे, की वीसहून जास्त विद्वान हजर होते, पण ते नवे ग्रह कोणालाही नीट दिसले नाहीत. माजिनीच्या घरात राहणारा मार्टिन हॉर्की नावाचा एक तरुण बोहेमियन होता. त्याने तर २७ एप्रिललाच केपलरला पत्र लिहिले. हे यंत्र जमिनीवर चमत्कार करते आणि आकाशात फसवते, कारण त्यातून एकच तारा दुहेरी दिसतो, असा त्याचा दावा होता. दुसऱ्या दिवशी गॅलिलिओ मान खाली घालून पहाटेच निघून गेला, असेही त्याने लिहिले, आणि त्याच्या केसांची, कातडीची, डोळ्यांची यथेच्छ नालस्ती केली. पत्राच्या शेवटी एक कबुली आहे: कोणाला नकळत आपण त्या दुर्बिणीचा मेणात ठसा घेऊन ठेवला आहे! फसव्या यंत्राची एवढी हाव का, हा प्रश्न हॉर्कीला पडलेला दिसत नाही.

आता गंमत पाहा. त्याच दोन रात्रींच्या गॅलिलिओच्या टिपणांत २४ तारखेला दोन आणि २५ तारखेला चारही चंद्रांची नोंद आहे. एक घर, एक दुर्बीण, तेच आकाश. यजमान-पाहुण्यांपैकी एकाला चार चंद्र दिसतात आणि इतरांना काहीच नीट दिसत नाही. कोणी खोटे बोलत होते असे आम्हाला वाटत नाही.

ती दुर्बीण कशी होती ते समजून घेतले की हे कोडे सुटते. पुढे बहिर्गोल भिंग, डोळ्याशी अंतर्गोल भिंग, आणि सुमारे वीसपट वर्धन. अशा रचनेत प्रतिमा सुलटी दिसते, हा फायदा. पण एका वेळी आकाशाचा जो तुकडा दिसतो तो फारच लहान असतो. पौर्णिमेच्या चंद्राचे पूर्ण बिंबही त्यात मावत नाही, जेमतेम निम्मी रुंदी मावते. डोळा किंचित हलला की तो तुकडाही हलतो. एवढ्याशा भोकातून गुरू शोधणे म्हणजे अंधाऱ्या खोलीत सुईचे नेढे शोधणे. शिवाय प्रत्येकाच्या डोळ्याचा नंबर वेगळा, त्यामुळे नळी मागेपुढे सरकवून प्रत्येकाला प्रतिमा स्पष्ट करून घ्यावी लागते. हाताने धरली तर नाडीच्या ठोक्यांनी आणि श्वासानेही नळी थरथरते, म्हणून ती पक्की बसवावी, असे गॅलिलिओनेच जानेवारीतल्या एका पत्रात लिहून ठेवले आहे. त्या काळच्या भिंगांमुळे तेजस्वी वस्तूंभोवती रंगीत कडा दिसत. त्यात एप्रिलअखेरीस गुरू सूर्यास्तानंतर पश्चिमेला उतरत चालला होता; क्षितिजाजवळच्या जाड, अस्थिर हवेतून तो पाहावा लागत होता.

गॅलिलिओने अशा नळीमागे महिनोन्महिने रात्री घालवल्या होत्या. त्याचा डोळा तयार झाला होता. पाहुण्यांच्या वाट्याला प्रत्येकी काही क्षण आले असतील. सूक्ष्मदर्शकाखाली कांद्याच्या पापुद्र्यातल्या पेशी पाहणारा मूल पहिल्यांदा हवेचे बुडबुडे आणि स्वतःच्या पापण्या पाहतो, हे आपण दरवर्षी अनुभवतो. त्या मुलाला आपण आंधळा म्हणत नाही. बोलोन्याच्या प्राध्यापकांनाही तेवढी सवलत द्यायला हरकत नसावी. उलट, जे दिसले नाही ते 'दिसले' म्हणाले नाहीत, याबद्दल आम्हाला त्यांचा थोडा आदरच वाटतो. आमच्या गच्चीवरच्या पाहुण्यांपेक्षा ते सरस होते.

दुसरी बैठक रोमची. ती खरे तर तिन्हींत शेवटची, पण आधी सांगून टाकतो. १४ एप्रिल १६११ रोजी फेडेरिको चेसी या तरुण सरदाराने जानिकोलो टेकडीवरच्या एका द्राक्षमळ्यात गॅलिलिओच्या सन्मानार्थ भोजन दिले. चेसी हा लिन्चेइ अकादमीचा संस्थापक. एव्हाना वारे बदलले होते. रोममधल्या जेझुइट गणितज्ञांनाही गुरूचे चंद्र दिसू लागले होते. चेसीच्या बैठकीची आखणी मात्र यजमानाने शिकावी अशी होती. पाहुण्यांना उजेड असतानाच बोलावले. आधी दुर्बीण शहरापलीकडच्या लाटेरान चर्चकडे वळवली आणि तिथल्या सज्जावरचा कोरीव लेख पाहुण्यांनी वाचला. म्हणजे नळी धरायची कशी, डोळा ठेवायचा कुठे, नळी सरकवायची किती, याचा सराव दिवसाउजेडी झाला. मग जेवण, आणि अंधार पडल्यावर गुरू. शेवटी गॅलिलिओने दुर्बिणीतली दोन्ही भिंगे काढून सर्वांच्या हाती दिली. आत काही जादू नाही, हे ज्याचे त्याने पाहावे! 'टेलिस्कोप' हे नाव याच भोजनप्रसंगी जाहीर झाले असे मानतात; ते सुचवले देमिसियानी नावाच्या ग्रीक विद्वानाने. 'लांबचे पाहणारा' असा त्याचा अर्थ. आपला 'दुर्बीण' हा फारसीतून आलेला शब्दही नेमके तेच सांगतो.

तरीही हॉर्कीच्या आक्षेपाला या बैठकीत उत्तर नव्हते. दुर्बीण जमिनीवर खरे दाखवते हे त्याला मान्यच होते. लाटेरानचा लेख चालत जाऊन पडताळता येतो. गुरूजवळ चालत कोण जाणार?

याचे उत्तर आधीच, १६१० च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, प्राग शहरात एकाने शोधले होते. तो योहानेस केपलर. सम्राट दुसऱ्या रुडॉल्फचा हा गणिती. ८ एप्रिलला गॅलिलिओचे पुस्तक त्याच्या हाती आले आणि अकरा दिवसांत त्याने जाहीर पत्राच्या रूपात त्याला मोकळ्या मनाने पाठिंबा दिला, तोही स्वतः काही न पाहता. मग हॉर्कीसारख्यांची पत्रे येऊ लागली. ऑगस्टमध्ये केपलरने गॅलिलिओला लिहिले, की तुझ्याखेरीज एकही साक्षीदार मला पुढे करता येत नाही, कोणी असतील तर नावे कळव. त्याला स्वतःला पाहायचे होते, पण चांगली दुर्बीण त्याच्याकडे नव्हती. गॅलिलिओने राजेरजवाड्यांना दुर्बिणी पाठवल्या. ज्याने त्याची बाजू घेतली त्या केपलरला पाठवली नाही. हे आम्हाला कधीच आवडलेले नाही.

अखेर अशाच एका राजपुरुषाची दुर्बीण कामी आली. कोलोनचा इलेक्टर एर्न्स्ट प्रागमध्ये आला असता त्याने गॅलिलिओकडून मिळालेली आपली दुर्बीण केपलरला वापरायला दिली. ३० ऑगस्ट ते ९ सप्टेंबर, एवढीच मुदत. गुरू आता सूर्याच्या दुसऱ्या बाजूला आला होता आणि पहाटेच्या आकाशात दिसत होता. म्हणजे मित्रांना बोलवायचे तर साखरझोपेतून उठवूनच. बेंजामिन उर्सिनुस हा तरुण गणिती आला, आणखी काही परिचित आले. केपलरची स्वतःची नजर लहानपणी आलेल्या देवीमुळे अधू झालेली होती. त्याला इतरांच्या डोळ्यांची खरोखरच गरज होती.

आणि इथे त्याने एक साधा नियम केला. ज्याने पाहिले त्याने काही बोलायचे नाही. त्याने गुपचूप बाजूला जाऊन आपल्याला जे दिसले ते खडूने काढायचे, दुसऱ्याला दिसणार नाही अशा बेताने. सर्वांचे झाल्यावर मग सगळ्यांनी मिळून चित्रे ताडून पाहायची.

खडू! आम्हां शिक्षकांच्या हातात दिवसभर असणारी वस्तू. हे वाचल्यापासून आम्हीही गच्चीवर कोऱ्या कागदांचे तुकडे ठेवतो. मध्ये एक वाटोळे काढलेले, बाकी कोरे. दुर्बिणीजवळ बोलायचे नाही आणि कागद लगेच घडी घालून डब्यात टाकायचा. पहिल्या खेपेस जी चित्रे निघाली ती पाहून आम्ही चपापलो. काहींनी एका रेषेत तीन-चार ठिपके काढले होते आणि ते एकमेकांशी चांगले जुळत होते. काहींचा कागद कोराच होता. एका हुशार मुलाने गुरूभोवती सुरेख कडे काढले होते, पुस्तकातल्या शनीसारखे. तोंडी विचारले असते तर हे सगळेच 'दिसले' म्हणाले असते.

प्रागच्या चित्रांमधून चंद्रांची साक्ष उभी राहिली. दुर्बिणीतल्या दोषामुळे ठिपके दिसत असते, तर वेगवेगळ्या माणसांनी एकमेकांचे न पाहता ते त्याच जागी काढले, आणि पुढच्या पहाटे पुन्हा सर्वांनी मिळून ते सरकलेले दाखवले, असे झाले नसते. केपलरने ही हकिकत एका छोट्या पुस्तिकेत साक्षीदारांच्या नावांसह प्रसिद्ध केली. त्या पुस्तिकेत त्याने या चंद्रांसाठी 'सॅटेलाइट' हा शब्द वापरला. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ बड्या माणसाबरोबर चालणारा हुजऱ्या किंवा अंगरक्षक.

हॉर्कीचे पुढे काय झाले, हे सांगायचे राहिले. जूनमध्ये त्याने गॅलिलिओविरुद्ध एक पुस्तिका छापली. माजिनीला ते मुळीच रुचले नाही आणि त्याने हॉर्कीला घराबाहेर काढले. तो प्रागला केपलरकडे आला, तो मोठ्या कौतुकाच्या अपेक्षेने. केपलर संतापलेला होता. हॉर्कीने बरीच गयावया केली. शेवटी केपलरने त्याला क्षमा केली आणि तसे ऑक्टोबरमध्ये गॅलिलिओला कळवलेही. क्षमेला एक अट होती: मी याला गुरूचे चंद्र दाखवीन, त्याने ते पाहायचे, आणि ते आहेत असे कबूल करायचे.