कारागीर पॉल बिग्सबी : त्यांचा उदय व त्यांचा लौकिक

वाद्यांचा इतिहास लिहूं जातां वादकांचीं नांवें सहज हाताशीं येतात. वाद्य घडविणाऱ्याचें नांव मात्र बहुधा शोधूनच काढावें लागतें. आपल्या देवळांत गायनाला साथ करणारी पायपेटी पूर्वीं कोण वाजवीत असे, हें वडीलधारी मंडळी आनंदानें सांगतात. पण ती पेटी कोणीं घडविली असें विचारलें, तर बहुतेक सारे गप्प बसतात. अमेरिकेंतील एका वाद्याच्या बाबतींत मात्र निराळें घडलें. तेथें एके काळीं वादकाच्या नांवाबरोबर कारागिराचेंही नांव आदरानें घेतलें जात असे. तें वाद्य म्हणजे पेडल-स्टील गिटार, आणि तो कारागीर म्हणजे पॉल बिग्सबी. त्यांची हकीकत येथें वाचकांस सादर करण्याचें आम्हीं योजिलें आहे. त्यांनीं या वाद्याचा शोध लावला असें आम्ही म्हणत नाहीं. तसें म्हणणें सत्यास धरून होणार नाहीं. मग त्यांची कीर्ति कशावर उभी राहिली, हाच या लेखाचा विषय आहे.

प्रथम वाद्याची ओळख करून देणें अवश्य आहे. पेडल-स्टील गिटार ही नेहमींच्या गिटारीप्रमाणें छातीशीं धरून वाजवावयाची नसते. चार पायांवर उभी केलेली ती एक लांबट चौकट असते. तिच्यावर तारा आडव्या ताणलेल्या असतात, आणि वादक तिच्यासमोर बसतो. त्याच्या डाव्या हातांत पोलादाची गुळगुळीत कांडी असते. ती तारांवरून सरकवितांच स्वर एकमेकांत मिसळत चढतो वा उतरतो. आपल्याकडे ज्यास मींड म्हणतात तीच ही गोष्ट होय. उजव्या हाताचीं बोटें तारा छेडतात. खालीं पायांपाशीं पेडलें असतात. आपल्या पायपेटींत पायाचें काम भात्यांत हवा भरण्याचें. येथें पायाचें काम तार ओढण्याचें. पेडल दाबलें कीं एक सळई खालीं ओढली जाते, ती चौकटीच्या पोटांतील तरफ फिरविते, व तरफ तार ताणून तिचा स्वर अर्धा किंवा पूर्ण चढविते. पाय उचलला कीं तार पूर्वस्थितीस येते.

या युक्तीची गरज कां पडली, हें समजण्यासाठीं थोडें मागें जावें लागतें. पोलादी कांडीनें गिटार वाजविण्याची रीत हवाई बेटांतील. १८७४ सालीं ओआहू बेटावर जन्मलेले जोसेफ केकुकू यांनीं ती विद्यार्थिदशेंतच सिद्ध केली व पुढें देशोदेशीं नेली, असें सामान्यतः मानलें जातें. १९१५ सालीं सॅन फ्रान्सिस्को येथें भरलेल्या मोठ्या प्रदर्शनानंतर या हवाई वादनानें अमेरिकेला जणूं वेड लाविलें. परंतु या रीतींत एक अडचण होती. कांडी सरळ असते, बोटांप्रमाणें ती वांकत नाहीं. म्हणून तारा ज्या स्वरांत लाविल्या असतील त्यांच्याच नात्यांतील स्वरमेळ एका वेळीं मिळूं शकत. निराळा स्वरमेळ हवा तर तारा पुन्हां लाविल्या पाहिजेत, आणि गीत चालूं असतां तें होणें शक्य नाहीं. यावर एक उपाय असा निघाला कीं, एकाच वाद्यावर तारांचे दोन, तीन, प्रसंगीं चार संच निरनिराळ्या स्वरांत लावून ठेवावे. दुसरा उपाय पेडलांचा.

१९३२ सालीं लॉस एंजिलिस येथें जॉर्ज बोशां यांच्या कल्पनेवरून बनलेली विजेची स्टील गिटार विक्रीस आली. ती अॅल्युमिनियमची ओतीव असून आकारानें तव्यासारखी होती, व लोकही तिला तळण्याचा तवाच म्हणत. पुढें १९४० च्या सुमारास मिशिगन राज्यांतील गिब्सन कंपनीनें पेडलें लाविलेलें ‘इलेक्ट्राहार्प’ नांवाचें वाद्य काढलें. म्हणजे बिग्सबी या क्षेत्रांत येण्यापूर्वींच कांडी, वीज व पेडल या तीनही गोष्टी अस्तित्वांत होत्या.

पॉल बिग्सबी यांचा जन्म १८९९ सालचा. त्यांचा मूळ धंदा वाद्यांचा नव्हे. ते कॅलिफोर्नियांत पॅटर्न-मेकर, म्हणजे ओतकामासाठीं लांकडी नमुने तयार करणारे कारागीर होते. हा धंदा मोठ्या कसबाचा आहे. यंत्राचा जो भाग धातूंत ओतावयाचा, त्याची हुबेहूब लांकडी प्रतिमा आधीं करावी लागते. ती वाळूंत दाबून सांचा होतो, व सांच्यांत रस ओतला जातो. धातु थंड होतांना आकसतो, म्हणून नमुना त्या हिशेबानें किंचित् मोठा करावा लागतो. केसाएवढी चूक नमुन्यांत झाली, तर ती प्रत्येक ओतीव तुकड्यांत उतरते. अशा शिस्तींत बिग्सबी यांचा हात तयार झाला. त्यांना मोटार-सायकलींच्या शर्यतींचा छंद होता, आणि लॉस एंजिलिस येथील क्रॉकर यांच्या मोटार-सायकलींच्या कारखान्यांत ते मुकादम होते. १९३६ पासून त्या कारखान्यानें काढलेल्या दोन सिलिंडरांच्या वेगवान गाड्या आजही संग्राहकांस अमोल वाटतात. युद्धामुळें १९४२ च्या सुमारास तें उत्पादन थांबलें.

त्या काळीं दक्षिण कॅलिफोर्नियांत नाचगाण्याच्या सभागृहांना ऊत आला होता. अमेरिकेच्या मध्य भागांतून कामधंद्यासाठीं आलेलीं हजारों माणसें तेथें आपल्या मुलखाचें संगीत ऐकावयास जमत, आणि त्या वाद्यवृंदांत स्टील गिटारीला मानाचें स्थान होतें. १९४५ नंतर बिग्सबी यांनीं तेथील वादकांसाठीं वाद्यें घडविण्यास आरंभ केला. जोआकिन मर्फी या नामांकित वादकाच्या हातीं त्यांचें वाद्य गेलें, आणि तेथून त्यांचें नांव मुखोमुखीं पसरलें. या वेळीं त्यांचें वय पंचेचाळिशीच्या पलीकडे होतें, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे.

१९४८ सालीं त्यांनीं स्पीडी वेस्ट या तरुण वादकास तारांचे तीन संच व चार पेडलें असलेली गिटार बनवून दिली. वाद्याच्या दर्शनी बाजूवर वादकाचें नांव ठळक अक्षरांत बसविलें होतें. त्यावर वाजविलेलें वेस्ट यांचें संगीत ध्वनिमुद्रिकांतून देशभर गेलें, व त्याबरोबर हें नवें वाद्यही सर्वांच्या कानीं पडलें.

बिग्सबी यांच्या कामाचा विशेष कोणता? चित्तींच्या नक्षीचें मेपल लांकूड ते निवडून घेत. अॅल्युमिनियमचे भाग स्वतःच्या नमुन्यांवरून ओतीत. तारेचा कंप विजेंत उतरविणारा पिकअपही स्वतःच गुंडाळून तयार करीत. डाउनी या गांवीं त्यांची लहानशी कार्यशाळा होती, आणि प्रत्येक वाद्य मागणीप्रमाणें एकेक करून घडविलें जाई. वाचकांस हें केवळ टापटिपीचें कौतुक वाटूं नये. पेडल-स्टील गिटारींत अचूकपणा हाच वाद्याचा प्राण आहे. एका गीतांत तार अनेक वेळां ताणली जाते व तितक्याच वेळां सैल सोडली जाते. दर वेळीं ती नेमक्या त्याच स्वरावर परतली पाहिजे. सांध्यांत थोडीशी ढिलाई असली, किंवा दाबाखालीं चौकट जराशी वांकली, तरी सारें वाद्य बेसूर होतें. म्हणजे येथें सुरेलपणाची अर्धी जबाबदारी वादकाची, व अर्धी कारागिराची. शोध दुसऱ्यांचा असला, तरी तो विश्वासानें हाताळतां येईल असा करून देणें हें बिग्सबी यांचें कार्य होतें. मोटारीच्या यंत्रांवर घडलेला हात वाद्याच्या कामीं आला तो असा.

त्याच १९४८ सालीं त्यांनीं मर्ल ट्रॅव्हिस या गायक-वादकासाठीं, त्यानें स्वतः काढलेल्या रेखाटनावरून, भरीव लांकडाची विजेची गिटार केली. तिच्या सहाही खुंट्या एकाच बाजूस होत्या. ती आज नॅशव्हिल येथील संग्रहालयांत आहे. पुढें लिओ फेंडर यांच्या कारखान्यांतून निघालेल्या जगप्रसिद्ध गिटारींचा माथा पाहून, ही कल्पना कोणीं कोणाची घेतली असा वाद पुष्कळ झाला. परंतु एकोणिसाव्या शतकांत व्हिएन्ना येथील स्टाउफर यांच्या गिटारींनाही खुंट्या एकाच बाजूस असत. तेव्हां या बाबतींतही आमचें मत तेंच आहे : कल्पनेचा मालक शोधीत बसण्यापेक्षां, ती कोणीं किती चांगली वठविली हें पाहणें अधिक न्यायाचें.

पेडल-स्टील गिटारीचा खरा भाग्योदय १९५३ च्या अखेरीस झाला. नॅशव्हिल येथें वेब पिअर्स या गायकाचें ‘स्लोली’ हें गीत मुद्रित होत असतां बड आयझॅक्स हे बिग्सबी यांच्या वाद्यावर साथ करीत होते. तोंपर्यंत वादक बहुधा स्वरमेळ बदलण्यापुरतें पेडल दाबीत, व तो बदल श्रोत्यांस जाणवूं देत नसत. आयझॅक्स यांनीं तार वाजत असतांनाच पेडल दाबलें. एक तार जागच्या जागीं स्थिर, आणि तिच्याजवळच्या तारा विनवणी केल्यासारख्या वर चढत तिला येऊन मिळतात, असा तो परिणाम होता. नुसत्या सरळ कांडीला हें साधणारें नव्हतें. १९५४ सालीं तें गीत लोकप्रियतेंत पहिल्या स्थानीं पोंचलें, आणि अमेरिकेंतील स्टील-वादकांत एकच धांदल उडाली. जो तो पेडलें मिळविण्याच्या मागें लागला.

बिग्सबी यांच्याकडे मागण्यांची रांग लागली. पण कार्यशाळा लहान, व काम एकेक वाद्याचें. ज्यांना थांबणें शक्य नव्हतें त्यांनीं दुसरे मार्ग काढले. त्यांपैकीं कांहीं स्वतःच कारागीर झाले. १९३७ सालीं जन्मलेले बडी इमन्स हे तरुणपणीं बिग्सबी यांचें वाद्य वाजवीत. आयझॅक्स यांच्या वाद्यांत दोन तारा एकाच पेडलानें चढत. १९५६ च्या सुमारास इमन्स यांनीं तें काम दोन पेडलांवर वांटून दिलें, आणि स्वरमेळांच्या नव्या वाटा खुल्या झाल्या. पुढें शॉट जॅक्सन यांच्यासह त्यांनीं वाद्यें घडविण्याचा धंदा काढला. दोघांच्या नांवांचे तुकडे जोडून त्यास ‘शो-बड’ हें नांव दिलें. १९६३ मध्यें इमन्स यांनीं आपल्या नांवाची वेगळी कंपनी स्थापिली. गुडघ्यांनीं हलवावयाच्या तरफा आल्या, दहा तारांचा संच रूढ झाला, आणि वाद्य बिग्सबी यांच्या नमुन्यापुढें निघून गेलें. शिष्य गुरूच्या पुढें जातो यांत गुरूची हानि नसते. ज्या वाद्यावर हात बसला त्यावरूनच पुढील वाट दिसली होती.

इकडे बिग्सबी यांचें स्वतःचें लक्ष निराळ्या वस्तूकडे वळलें होतें. ट्रॅव्हिस यांच्या गिटारीवर स्वर थरथरविण्याचें जें जुनें साधन होतें, तें तारा बेसूर करी. त्याऐवजीं बिग्सबी यांनीं अॅल्युमिनियमचें ओतीव असें आपलें स्वतःचें साधन केलें. त्याचा दांडा हातानें हलकेच दाबला कीं स्वर डुलतो, व सोडला कीं ठिकाणावर येतो. मोठमोठ्या कारखान्यांनीं तें आपल्या गिटारींवर बसविण्यास घेतलें. एकेक वाद्य महिनोन्‌महिने घडविण्यापेक्षां यांत मिळकत निश्चित होती, आणि हळूहळू वाद्यें मागें पडलीं. १९६० नंतरच्या दशकाच्या मध्यास प्रकृति खालावल्यावर त्यांनीं आपला धंदा गिब्सन कंपनीचे माजी अध्यक्ष टेड मॅकार्टी यांना विकला, आणि १९६८ सालीं त्यांचें देहावसान झालें. १९९९ सालीं तो धंदा ग्रेच यांच्याकडे व २०१९ सालीं फेंडर कंपनीकडे गेला. आज बिग्सबी हें नांव जगभर आहे, परंतु तें त्या लहानशा दांड्यावर! ज्या वाद्यानें त्यांस प्रथम मान मिळाला, त्याची आठवण जाणत्यांपुरती उरली आहे.

आमच्या देशाशीं या वाद्याचें नातें थोडें वेगळें आहे. हवाई गिटार येथें आली व रुजली. मुंबईच्या चित्रपट-संगीतांत व्हॅन शिप्ले, हजारा सिंग यांच्या हातून ती घरोघर ऐकूं गेली. ब्रिजभूषण काबरा यांनीं तीवर रागसंगीत वाजविलें, व विश्वमोहन भट यांच्या मोहनवीणेस १९९४ सालीं ग्रॅमी पारितोषिकाचा मान लाभला. येथील कलावंतांनीं पेडलें मात्र जोडलीं नाहींत. त्यांनीं चिकारीच्या व तरफेच्या तारा जोडल्या. याचें कारण उघड आहे. आपल्या रागसंगीतास स्वरमेळ बदलण्याची गरज नाहीं. त्यास एक स्वर दीर्घ मींडेनें न्यावयाचा असतो, आणि तें काम कांडी एकटी करिते. जेथें जशी गरज, तेथें तशी वाद्याला नवी अंगें फुटतात.

बिग्सबी यांच्या चरित्रावरून आम्हांस जें शिकावयाचें दिसतें तें इतकेंच. त्यांनीं कांडी शोधिली नाहीं, वीज शोधिली नाहीं, पेडलही शोधिलें नाहीं. ज्या गीतानें त्यांचें वाद्य गाजलें तें त्यांनीं वाजविलें नाहीं. तरीही त्या दिवशीं नॅशव्हिल येथें पाय दाबला गेला तेव्हां तार नेमकी चढली व नेमकी उतरली, याचें श्रेय त्यांचें आहे. अशा कामाची नोंद गीताबरोबर होत नाहीं, कारण तें काम बिनचूक असलें कीं कोणाच्या लक्षांतच येत नाहीं. म्हणून ज्यांनीं आपल्या कानीं सुरेल स्वर पोंचविले त्यांचीं नांवें घेतांना, तें वाद्य कोणीं घडविलें हेंही आपण विचारीत जावें, व उत्तर मिळाल्यास तें लिहून ठेवावें.