मंडळी आणि मंडळ : कवींच्या सहकाराचा एक अध्याय

राम गणेश गडकरी यांचे २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेर येथे निधन झाले. वय अवघे तेहेतीस. 'भावबंधन' नाटकाचा अखेरचा भाग त्यांनी मृत्यूच्या छायेतच पुरा केला आणि 'राजसंन्यास' मात्र अपुरे राहिले, ही हकीकत मराठी वाचकाच्या परिचयाची आहे. तिच्यातील कारुण्यावर पुष्कळ लिहिले गेले. त्या कारुण्याच्या झोतात एक साधी वस्तुस्थिती मात्र दुर्लक्षित राहिली. गडकऱ्यांच्या पश्चात त्यांच्या नाटकांना वाट पाहावी लागली नाही. 'एकच प्याला' त्याच वर्षी गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले, 'भावबंधन' त्याच वर्षी बळवंत संगीत मंडळीने. 'गोविंदाग्रज' या नावाने नियतकालिकांतून विखुरलेली त्यांची कविता 'वाग्वैजयंती' या रूपाने पुस्तकात यायला १९२१ उजाडले. आपल्या काळातील सर्वांत लोकप्रिय लेखकांपैकी एक असलेल्या या कवीने आपला कवितासंग्रह छापलेला पाहिलाच नाही.

हे एकट्या गडकऱ्यांच्या बाबतीत घडले असते तर तो अकाली मृत्यूचा परिणाम म्हणून सोडून देता आले असते. परंतु केशवसुत १९०५ मध्ये हुबळीस वारले आणि त्यांच्या कवितेचे पुस्तक दशकभराने हरि नारायण आपटे यांच्या प्रयत्नाने सिद्ध झाले. बालकवी १९१८ मध्ये भादलीजवळ रेल्वे अपघातात गेले. त्यांचाही संग्रह मरणोत्तरच. आधुनिक मराठी कवितेचे तीन आधारस्तंभ ग्रंथरूपाने वाचकांसमोर आले ते मृत्यूनंतर, स्नेह्यांच्या आणि चाहत्यांच्या कृपेने. कवितेला त्या काळी व्यासपीठ नव्हते असे नाही. जळगावच्या 'काव्यरत्नावली'ने आणि मुंबईच्या 'मनोरंजन'ने ती आस्थेने छापली. १९०७ मध्ये जळगावास कविसंमेलन भरले. त्र्यंबक बापूजी ठोमरे यांना तेथेच 'बालकवी' ही पदवी मिळाली. संमेलनाने पदवी दिली, पुस्तक दिले नाही. कवितेच्या प्रसिद्धीचा व्यवहार मासिकाच्या पानापाशी थांबत होता, आणि मासिकाचे पान महिनाभराचेच असते.

नाटकाच्या बाबतीत हे का घडले नाही, याचे उत्तर 'मंडळी' या शब्दात आहे. १९१३ मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले आणि त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. १९१८ मध्ये दीनानाथ मंगेशकर, चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांनी बळवंत संगीत मंडळी उभी केली. कलावंतांनी भागीदारीत घेतलेला धंद्याचा धोका, असे या संस्थांचे स्वरूप होते. पुढे त्यांपैकी अनेकांवर कर्जाचे डोंगर चढले, भागीदार दुरावले. तथापि, नाटककाराचे हस्तलिखित हाती पडताच ते प्रेक्षकांपर्यंत नेणारी यंत्रणा नटांनी स्वतःच घडविली होती, आणि कवीपाशी तसे काहीही नव्हते. गडकरी नाटककार म्हणून या यंत्रणेचे लाभधारक होते. कवी म्हणून ते केशवसुतांइतकेच एकाकी होते. एकाच लेखकाच्या दोन वाङ्मयप्रकारांच्या नशिबातील हा फरक प्रतिभेचा नसून संघटनेचा आहे.

रविकिरण मंडळाकडे या बाजूने पाहिले पाहिजे. १९२३ मध्ये पुण्यात माधव जूलियन, यशवंत, गिरीश, श्री. बा. रानडे, मनोरमाबाई रानडे, वि. द. घाटे, द. ल. गोखले आणि ग. त्र्यं. माडखोलकर हे आठजण एकत्र आले. रविवारी जमावे, चहा घ्यावा, नवी कविता एकमेकांना ऐकवावी, तिची चिकित्सा करावी, असा परिपाठ. त्याच वर्षी मंडळाचा 'किरण' हा संग्रह निघाला, पाठोपाठ 'उषा' आला. घाटे आणि माधव जूलियन यांचा 'मधु-माधव', रानडे दांपत्याचा 'श्री-मनोरमा' असे जोडीचे संग्रहही निघाले. संयुक्त संग्रह ही केवळ स्नेहाची खूण नव्हे. एकट्या, नवख्या कवीच्या पुस्तकाला प्रकाशक मिळणे दुर्घट असताना खर्च वाटून घेण्याची आणि एका कवीच्या वाचकाला दुसऱ्याची कविता आपसूक वाचावयास लावण्याची ती युक्ती होती. यशवंतांसाठी पुस्तक घेणाऱ्याच्या हाती गिरीशही पडत. विशेष म्हणजे ही सर्व मंडळी तेव्हा तिशीच्या अलीकडेपलीकडे होती. मराठी कवीने आपले पुस्तक जिवंतपणी, उमेदीच्या वयात आणि मित्रांच्या भांडवलावर काढावे, ही गोष्ट येथून रूढ झाली.

वाङ्मयेतिहासात मात्र मंडळाचा विचार 'संप्रदाय' म्हणून झाला आणि तेथेच घोटाळा झाला. संप्रदाय म्हटला की समान काव्यदृष्टी शोधणे आले. ती सापडत नाही असे दिसताच टीकाकारांनी प्रणयप्रधानता, स्वप्नाळूपणा, कौटुंबिक जिव्हाळा अशी सैल लक्षणे गोळा करून सर्वांच्या माथी मारली. प्रत्यक्षात माधव जूलियन यांची फारसीशी असलेली सलगी, गझलेचा ध्यास आणि पुढे 'छंदोरचना'त परिणत झालेली शास्त्रीय वृत्ती यांचे यशवंतांच्या भावगीताशी नाते क्षीण आहे. गिरीशांची 'आंबराई' तर खेड्याच्या वाटेने जाते. त्यांना एकत्र ठेवणारी गोष्ट शैली नव्हती, व्यवहार होता. १९९२ मध्ये अमेरिकेत सात चित्रकथाकारांनी मोठ्या कंपनीची चाकरी सोडून 'इमेज कॉमिक्स' स्थापन केले, तेव्हा त्यांच्याही रेखाटनात एकवाक्यता नव्हती. आपल्या निर्मितीचा हक्क आपल्याकडे राहावा एवढेच सूत्र होते. पुढे आंतरजालावर स्वतंत्रपणे चित्रमालिका काढणाऱ्यांनी गट करून परस्परांच्या वाचकांना परस्परांकडे वळविले, त्यातही हेच सूत्र दिसते. अशा गटांना घोषणापत्राच्या कसोटीवर तपासणे म्हणजे पतपेढीला तत्त्वज्ञान विचारण्यासारखे आहे.

मंडळाचे दुसरे साधन काव्यगायन. यशवंत आणि गिरीश यांनी गावोगावी कविता म्हणून दाखविली आणि पुस्तक विकत न घेणाऱ्या, कदाचित वाचताही न येणाऱ्या श्रोत्यापर्यंत ती नेली. याची किंमत कवितेने मोजली, हे मान्य करावे लागते. सभेत रंगणारी कविता हळूहळू सभेसाठी लिहिली जाऊ लागते. ध्रुवपद लांबते, विचार आखूड होतो. मंडळावरील आक्षेपांपैकी हा आक्षेप खरा आहे, आणि तो काव्यदृष्टीवर नसून प्रसाराच्या पद्धतीवर आहे, हेही लक्षात घेतले पाहिजे. १९२५ मध्ये केशवकुमारांच्या 'झेंडूची फुले'ने कवींच्या या लकबींची जी रेवडी उडविली ती आजही ताजी वाटते. विडंबन रंगायचे तर मूळ रचना वाचकाच्या ओठांवर असावी लागते. अत्र्यांचे यश हा एका अर्थी मंडळाच्या प्रसारकार्याचाच पुरावा ठरतो.

आठांमध्ये एकच स्त्री होती. सात पुरुष म्हणजे सप्तर्षी आणि मनोरमाबाई अरुंधती, अशी उपमा दिली गेली. उपमा गौरवाची खरी, पण अरुंधतीला तिच्या ऋषीच्या शेजारीच जागा असते. मनोरमाबाई १९२६ मध्ये निवर्तल्या आणि त्यांच्या कवितेचा स्वतंत्र विचार फारसा झाला नाही. सहकाराने पुस्तक दिले. स्वतंत्र ओळख देण्याचे काम समीक्षेचे होते, ते तिने केले नाही.

मंडळ विखुरले तेही कलहाने कमी आणि पोटापाण्याने अधिक. माडखोलकर नागपूरला आले, वृत्तपत्रात स्थिरावले, १९४४ पासून 'तरुण भारत'चे संपादक झाले आणि कवितेऐवजी कादंबरीकार म्हणून ओळखले जाऊ लागले. 'आधुनिक कविपंचक' लिहिणारा हा टीकाकार पुण्यात राहता तर मंडळाची बाजू अधिक नेटाने मांडली गेली असती, असे वाटते. यशवंत बडोद्याचे राजकवी झाले. आश्रयाला पर्याय म्हणून उभ्या राहिलेल्या मंडळाचा एक सदस्य अखेर राजाश्रयाला गेला, यात विसंगती आहे. पण कवितेवर पोट भरत नाही या वास्तवाला मंडळापाशीही उत्तर नव्हते. माधव जूलियन यांनी १९३५ मध्ये भा. रा. तांबे यांची समग्र कविता संपादित केली. दूर ग्वाल्हेरीस असलेल्या ज्येष्ठ कवीचे पुस्तक त्याच्या हयातीत नीट व्हावे यासाठी एका कवीनेच खपावे, ही मंडळाच्या वृत्तीची सर्वांत चांगली निष्पत्ती होय. १९३९ मध्ये माधव जूलियन वारले.

साठोत्तरी अनियतकालिकांनी रविकिरण मंडळाला पूर्वज मानले नसते. मानले असते तर त्यांना हसू आले असते. पण पन्नाशीच्या दशकाच्या मध्यात दिलीप चित्रे, अरुण कोलटकर आणि रमेश समर्थ यांनी 'शब्द' चक्रमुद्रित करून काढले, १९६३ मध्ये अशोक शहाणे यांनी 'असो' सुरू केले, त्यामागील व्यवहार परिचित आहे: थोडे मित्र, खिशातील पैसे, हातोहात वाटप. फरक वाचकाविषयीच्या धोरणाचा. मंडळाला सभागृह हवे होते; अनियतकालिकांना सभागृहाचाच तिटकारा होता. त्यामुळे काव्यगायनाने कवितेचे जे नुकसान केले त्यापासून ती वाचली, आणि वाचक मात्र शेकड्यांतच राहिला.

कोलटकरांच्या बाबतीत तर दोन्ही भाषांत मार्ग एकच ठरला. १९७६ मध्ये मुंबईत आदिल जस्सावाला, गीव्ह पटेल, अरविंद कृष्ण मेहरोत्रा आणि कोलटकर या चार कवींनी 'क्लिअरिंग हाउस' ही प्रकाशनसंस्था काढली. इंग्रजी 'जेजुरी' तिच्यातर्फे आले आणि १९७७ मध्ये त्याला राष्ट्रकुल काव्यपुरस्कार मिळाला. त्याच १९७७ मध्ये 'अरुण कोलटकरच्या कविता' हा मराठी संग्रह अशोक शहाणे यांच्या प्रास प्रकाशनाने काढला. तेव्हा कोलटकर पंचेचाळिशीत होते. मराठीतील त्यांचे पुढचे संग्रह यायला आणखी पाव शतक जावे लागले. तेही प्रासनेच काढले, कोलटकर २००४ मध्ये जाण्यापूर्वी.