दासांचा दास

रोमकरांस पत्र लिहिताना पौल आपले नाव सांगतो आणि लगेच स्वतःस ख्रिस्ताचा दास म्हणवतो. पोप पहिला ग्रेगरी (५९०–६०४) आणखी एक पायरी उतरून 'देवाच्या दासांचा दास' झाला. पुढे तेच पोपचे बिरुद ठरले. १८३० साली न्यूयॉर्क राज्यातील पाल्मायरा येथे छापलेल्या मॉर्मनच्या ग्रंथात नेफी 'मी' म्हणत निःशंक बोलतो; शेवटचा लेखक मोरोनी मात्र आपल्या लेखणीच्या दुबळेपणाची कबुली देतो. चुका असल्यास त्या माणसांच्या, असे शीर्षकपृष्ठच बजावते. ही नम्रता खोटी नव्हे. पण निरुपद्रवीही नव्हे. दोष लेखकाने पत्करला की वचन निर्दोष उरते. मग निर्दोष वचनाच्या दासाशी वाद कोणी घालावा?