पडद्यावरील चमत्कार

वसमत तालुक्यांतील कुरुंद्यासारख्या गांवीं सप्ताहाच्या कीर्तनांत तुकोबांचें वैकुंठगमन ऐकणार्‍या श्रोत्यास गरुड दाखवावा लागत नाहीं. बुवांनीं नुसतें वर पाहिलें कीं सारा मंडप वर पाहतो. चित्रपटाला ही सवलत नाहीं. त्याला गरुड डोळ्यांदेखत आकाशांतून उतरवावा लागतो, आणि तो लटका दिसला तर प्रेक्षक हंसतो. ही अडचण धुंडिराज गोविंद फाळके यांनीं कशी सोडविली, ह्याचा विचार व्हावा तितका झालेला नाहीं असें आम्हांस वाटतें.

फाळक्यांचा जन्म १८७० सालीं त्र्यंबकेश्वरीं झाला. चित्रकला, छायालेखन, छपाई आणि जादूचे प्रयोग, इतक्या विद्या त्यांनीं हस्तगत केल्या होत्या. १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' सर्वांस ठाऊक आहे. पण त्यापूर्वींचें त्यांचें एक चिमुकलें चित्र आम्हांस अधिक बोलकें वाटतें. कुंडींत वाटाणा पेरून, कॅमेरा जागचा न हलवितां, त्यांनीं त्या रोपाचीं दिवसागणिक चित्रें घेतलीं. महिन्याहून अधिक काळ हें व्रत चाललें, आणि मग पडद्यावर तें रोप पाहतां पाहतां वाढलें. भांडवल देणाराचा विश्वास बसला तो ह्या वाटाण्यामुळें! येथें खोटें कांहींच नव्हतें. काळ तेवढा आवळलेला होता.

पुढील युक्त्याही अशाच चिकाटीच्या. पात्र अदृश्य करावयाचें तर कॅमेर्‍याचें हँडल थांबवावयाचें, त्या पात्रास बाजूस न्यावयाचें, इतरांनीं पुतळ्यासारखें उभें राहावयाचें, आणि पुन्हा हँडल फिरवावयाचें. एका चौकटींत दोन दृश्यें हवीं असल्यास अर्धा भाग झांकून फीत एकदां चालवावयाची, मग ती मागें गुंडाळून उरलेला अर्धा भाग टिपावयाचा. चूक झाली हें कळावयाचें तें फीत धुतल्यावर. १९१८ च्या 'श्रीकृष्णजन्मां'त कंसाचें मस्तक धडापासून सुटून वर जातें, तें अशाच हिशेबावर.

ह्या हिशेबाचा पाया मात्र फाळक्यांच्या घरांत होता. कोर्‍या फितीस छिद्रें पाडण्याचें काम सरस्वतीबाई काळोखांत करीत. छिद्र केसभर सरकलें तर चित्र थरथरणार, आणि दोनदां फिरविलेल्या फितींत तर दोन्ही दृश्यें एकमेकांशीं फटकून वागणार. हें काम कधीं नजरेस येत नाहीं. आलें तर तें बिघडलें असें समजावें.

१९१९ च्या 'कालियामर्दना'च्या आरंभीं फाळक्यांची कन्या मंदाकिनी प्रथम निरनिराळे भाव दाखविते, आणि मग तीच कृष्ण होते. जादूगारानें खेळापूर्वीं रिकामी टोपली फिरवून दाखवावी, तसाच हा प्रकार. प्रेक्षकास चकविण्याआधीं विश्वासांत घेण्याची ही रीत पुढें अनेक चमत्कारपटांनीं सोडली, आणि तेथेंच त्यांचा देव पुठ्ठ्याचा झाला.

प्रभातच्या 'संत तुकारामा'नें (१९३६) ती निराळ्या वाटेनें पाळली. दामले आणि फत्तेलाल हे दोघेही कोल्हापुरास बाबूराव पेंटरांच्या हाताखालीं तयार झालेले कारागीर. युक्तीचें सामर्थ्य आणि तिची मर्यादा दोन्ही त्यांस ठाऊक. त्यांचें विमान आजच्या नजरेस कांहींसें बेंगरूळ दिसतें, हें आम्ही नाकारीत नाहीं. तरी तें उतरतें तेव्हां हंसूं येत नाहीं. कारण तोंवर आपण जिजाईची म्हैस पाहिलेली असते, तिची चूल, तिची मुलें, तिचा त्रागा पाहिलेला असतो. त्या अंगणाबद्दल शंका उरलेली नसते. मग त्यावरच्या आकाशाबद्दल कोण घेणार? विमान वर जातें, आणि जिजाई खालीं राहते.