हाताला काय येते?

वैद्य नाडी धरतो ती दोष शोधण्यासाठी. काय बिघडले ते कळले की औषध सापडते, हा आपला पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव. आणि ताप-खोकल्याच्या बाबतीत तो खोटाही नाही. परंतु ज्याचे वेगळेपण जन्मभर सोबत राहावयाचे, त्याच्यापुढे ही रीत अपुरी पडते. स्वमग्न मुलांच्या बाबतीत ती कशी अपुरी पडली आणि उपचार करणारांनाच नव्याने कसे शिकावे लागले, ही हकिकत मोठी उद्बोधक आहे. तिचा एक धागा आपल्या मुंबईतून जातो.

१९५० साली परळच्या के. ई. एम. रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपीची, म्हणजे व्यवसायोपचाराची, शाळा निघाली. भारतातील ती पहिली. ती काढणाऱ्या कमलाबाई निंबकर जन्माने अमेरिकन. माहेरचे नाव एलिझाबेथ लंडी, घराणे क्वेकर पंथाचे. विष्णू निंबकरांशी विवाह करून त्या इकडे आल्या आणि इकडच्याच झाल्या. १९५२ साली या व्यवसायाची अखिल भारतीय संघटना उभी राहिली तीही त्यांच्याच खटपटीने. आणि त्याच वर्षी स्थापन झालेल्या जागतिक महासंघाच्या पहिल्या दहा सभासदांत भारताचे नाव लागले.

या विद्येचे मूळ सूत्र साधे आहे. रोग्याला नुसते निजवून ठेवू नये, त्याच्या हाताला काम द्यावे. त्या काळी उपचाराच्या खोलीत हातमाग असे, सुतारकाम असे, माती असे. माग चालविताना लुळा पडू लागलेला खांदा हलू लागे. अर्थात् उपचारकाला पहिला प्रश्न पडे तो हा, की या हाताला आज काय करता येते? तिथूनच पुढची पायरी बांधावयाची.

स्वमग्न मुलांना मात्र हा प्रश्न फार उशिरा विचारला गेला. बाल्टिमोरच्या डॉ. लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांतील काहींची स्मरणशक्ती विलक्षण होती, हे त्यांनी नोंदविलेही. परंतु पुढची पंचवीसेक वर्षे भलत्याच शोधात गेली. आईच्या मायेच्या अभावी मूल असे होते, हा समज बळावला. ब्रूनो बेटलहाइम यांच्या १९६७ च्या ग्रंथाने तो अधिकच पसरविला. किती मातांनी हा कलंक मुकाट्याने सोसला असेल! या समजाला पहिला जोरकस धक्का १९६४ सालीच दिला होता तो बर्नार्ड रिमलंड यांनी. ते मानसशास्त्रज्ञ होते आणि एका स्वमग्न मुलाचे वडीलही होते.

उत्तर कॅरोलायनात एरिक शॉप्लर यांनी तर आईबापांनाच सह-उपचारक करून शेजारी बसविले. १९७२ पासून त्यांचे कार्य राज्यभर पसरले. ऐकलेल्यापेक्षा पाहिलेले या मुलांपैकी अनेकांना अधिक उमगते, हे ओळखून त्यांनी दिवसाचा कार्यक्रम चित्रांनी मांडावयास शिकविले. त्यांच्या १९७९ च्या चाचणीत उत्तरांना तीन घरे होती: येते, येऊ पाहते, येत नाही. शिकविणे सुरू करावयाचे ते मधल्या घरापासून! कमलाबाईंच्या मागावरचे सूत्र ते हेच.

आपल्याकडे कायद्यालाही वेळ लागला. १९९५ च्या अपंगांविषयीच्या कायद्यात स्वमग्नतेचे नाव नव्हते. ते १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात आले आणि २०१६ च्या कायद्यात पक्के झाले. दरम्यान २००१ साली डॉ. विभा कृष्णमूर्ती यांनी मुंबईत ‘उम्मीद’ ही संस्था काढली. तिथे मुलांवर उपचार होतातच, पण उपचारकांना आणि वस्तीत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनाही शिक्षण मिळते. मूल आणि त्याची अडचण या दोन वेगळ्या गोष्टी मानाव्यात आणि घराजवळ असलेले बळ संभाषणातून वर आणावे, ही तिथल्या शिकवणीतील एक महत्त्वाची वाट.

हे शिक्षण मुंबईपुरते राहिले तर? भिवंडीजवळचे दापोडे घ्या. मालाची गोदामे आणि ट्रकांची ये-जा, हीच या भागाची आजची ओळख. समजा, तिथल्या एखाद्या घरातील मूल कोणाशी बोलत नाही, पण गेलेल्या ट्रकांचे क्रमांक ओळीने म्हणते. दोष तेवढा पाहणारा उपचारक लिहील, ‘तेच ते पुन्हा पुन्हा करते.’ नव्या रीतीने शिकलेला त्याच क्रमांकांचा खेळ मांडील: एक आकडा तू सांग, एक मी. संवादाची पहिली देवघेव तिथे झाली. मात्र अशा मुलाला घेऊन परळ गाठावयाचे, तर आईचा रोजगार बुडतो. म्हणून ही दृष्टी अंगणवाडीच्या ताईपर्यंत आणि गावच्या शाळेपर्यंत पोहोचली पाहिजे.

यात कोरडे कौतुक नाही. प्रत्येक स्वमग्न मूल अलौकिक बुद्धीचे असते असे नव्हे. अडचणी खऱ्या असतात आणि मदतही खरीच लागते. प्रश्न फक्त आरंभ कोठून करावा, एवढाच आहे.

वाचकहो, हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा दारात पणत्या असतील. फटाक्याच्या आवाजाने कानांवर हात ठेवून आत पळणारे मूल आपल्या आळीतही असू शकेल. त्याला ‘भित्रा’ म्हणण्यापूर्वी फटाके जरा दूर न्यावेत आणि पणत्या ओळीने मांडण्याचे काम त्याच्याकडे सोपवून पाहावे. कदाचित ती ओळ आपल्यापेक्षा सरळ येईल.